कॅराव्हॅनच्या मैलाटाकीचा व्हॉल्व्ह गळतोय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दापोली तालुक्यात, किनाऱ्यापासून थोडं आत आमची नारळ-पोफळीची वाडी आहे. मांगरामागे दोन कॅराव्हॅन उभ्या राहतील एवढी मोकळी जागा आहे. त्यातला एक ट्रेलर माझाच, दुसऱ्या जागेत पाहुणे येऊन राहतात. पाहुणे परत गेले की आठवडाभरात फोन येतो आणि निम्म्या फोनांचा विषय एकच असतो. तीच तीच उत्तरं टाइप करून कंटाळलो, म्हणून ती इथे एकत्र केली आहेत. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवलेत.

१. हा व्हॉल्व्ह नेमका असतो कुठे आणि करतो काय?

ट्रेलरच्या पोटाखाली दोन टाक्या असतात. संडासाचा मैला जातो ती मैलाटाकी, आणि बेसिन-मोरीचं पाणी जातं तो ग्रे टँक. प्रत्येक टाकीच्या तोंडाशी एक सरकता व्हॉल्व्ह असतो. आत एक पातळ पातं, त्याच्या दोन्ही अंगांना एकेक रबरी सील, बाहेर ओढायची दांडी. दांडी ओढली की पातं बाजूला सरकतं आणि टाकी मोकळी होते. अमेरिकी पद्धतीच्या ट्रेलरमध्ये मैलाटाकीचा व्हॉल्व्ह बहुधा ३ इंची आणि ग्रे टँकचा दीड इंची असतो. आपल्याकडे बांधलेल्या बऱ्याच ट्रेलरांनाही हेच आयात केलेले व्हॉल्व्ह लावलेले दिसतात. दोन्ही व्हॉल्व्हच्या पुढे पाइप एकत्र येतो आणि शेवटी एका टोपीने बंद होतो.

२. रस्त्याने येताना थेंबही गळत नाही, पण टोपी काढली की भसकन घाण पाणी पायावर येतं. असं का?

कारण टोपी घट्ट आहे आणि व्हॉल्व्ह गळका. गळलेलं पाणी व्हॉल्व्ह आणि टोपी यांच्यामधल्या पाइपात साठून राहतं. ३ इंची पाइपाच्या एका मीटरात साडेचार लिटर पाणी मावतं. म्हणजे थेंब थेंब गळून दोन दिवसांत एक तांब्या-घागर सहज जमते. मी हे गुहागरला शिकलो. मे महिना, दुपारचे दोन, पायात साध्या स्लीपर. तोपर्यंत मी सगळ्यांना सांगत होतो की माझा ट्रेलर अजिबात गळत नाही.

टोपी काढण्याआधी खाली बादली ठेवा, तोंड आपल्यापासून दूर धरा आणि टोपी एकदम न काढता थोडी फिरवून थांबा. कडेने पाणी झिरपलं तर आत माल साठलाय असं समजा.

३. तोंड एकच आहे. मग दोनपैकी कुठला व्हॉल्व्ह गळतोय हे कसं कळणार?

वासावरून ओळखू नका, फसाल. दोन दिवसांचं मुरलेलं ग्रे पाणी मैल्याइतकंच वास मारतं. दोन्ही टाक्या रिकाम्या करून धुवा. मग ग्रे टँकमध्ये बेसिनमधून बादलीभर पाणी सोडा आणि त्यात जिलेबीचा खाण्याचा रंग चमचाभर घाला. मैलाटाकीत नुसतं स्वच्छ पाणी. टोपी काढून खाली पांढरं भांडं ठेवा आणि तासभर थांबा. नारिंगी थेंब पडले तर ग्रे टँक, बिनरंगी पडले तर मैलाटाकी. दोन्ही गळत असतील तर थेंब फिक्कट नारिंगी येतील. मग दुसऱ्या दिवशी एकेक टाकी भरून बघा.

थेंब पाइपातून न पडता दांडीच्या मुळाशी ओघळत असेल तर तो वेगळा रोग आहे. तिथली छोटी रिंग गेलेली असते. ती बदलत बसण्यापेक्षा अख्खा व्हॉल्व्हच नवा घातलेला बरा.

४. लगेच व्हॉल्व्ह बदलावा लागेल का?

नाही. आमचे तात्या आयुष्यभर वाडीतले पंप दुरुस्त करत आले. माझा उघडलेला ट्रेलर बघून ते एवढंच म्हणाले, "नळ गळला तर आधी वायसर बघतात रे, नळ नाही." इथेही तसंच. बहुतेक वेळा पातं ज्या खाचेत जाऊन बसतं तिच्यात काहीतरी अडकलेलं असतं. कागदाचा लगदा, ओला पुसणा, केस, वाळू. दोन मिलिमीटरची गाठसुद्धा पुरते, पातं पूर्ण बसत नाही आणि गळायला लागतं.

आधी टाकी रिकामी करा. मग तिसरा हिस्सा कोमट पाण्याने भरा. कोमट म्हणजे हात घालवेल इतकंच, उकळतं नको. त्यात भांडी घासायचा द्रव साबण वाटीभर घाला. आता ट्रेलर जोडून अर्धा तास फिरवून आणा. आमच्याकडे रस्ते असे आहेत की टाकी आपोआप घुसळली जाते, खड्ड्यांचा हा एकच उपयोग. परत येऊन टाकी सोडा. पाणी वाहत असतानाच दांडी दहा-बारा वेळा पूर्ण आत-बाहेर करा, म्हणजे खाचेतला गाळ धारेबरोबर निघून जातो. शेवटी पातं उघडं ठेवून बाहेरच्या तोंडातून बागेच्या नळीने उलटी धार मारा.

एवढं दोनदा करूनही गळत असेल तर सील गेले आहेत. मग प्रश्न ७ बघा.

५. आमचा मैलाटाकीचा व्हॉल्व्ह ठणठणीत आहे, ग्रे टँकचाच सारखा गळतो. उलटं नको का?

किनाऱ्यावर राहणाऱ्यांचं असंच होतं. मैलाटाकीत जातं ते मऊ असतं, ग्रे टँकमध्ये वाळू जाते. मुलं समुद्रावरून येतात, मोरीत पाय धुतात, आणि ती सगळी वाळू टाकीच्या तळाशी बसते. प्रत्येक वेळी पातं सरकताना ती वाळू सीलवर सँडपेपरसारखी घासते. त्यात स्वयंपाकाचं खोबऱ्याचं वाटण, भाताची शितं आणि मासे.

माशांबद्दल स्वतंत्र सांगतो. एका पाहुण्यांच्या व्हॉल्व्हच्या खाचेतून मी चिमट्याने जिताड्याचे खवले काढले. नखाएवढे, अर्धपारदर्शक, एकावर एक असे सात. खाचेत अगदी मापात बसले होते, जणू कुणी वॉशर घातलेत. बेसिनमध्ये मासा साफ करू नका. बाहेर माडाखाली करा, मांजरंही खूश होतात. मोरीत बारीक जाळी बसवा आणि पाय बाहेरच्या नळावर धुवा.

६. सीलला खोबरेल तेल लावलं तर चालेल का? घरात आहेच.

हा प्रश्न घाटावरून येणाऱ्या लोकांनी कधी विचारला नाही, कोकणातला प्रत्येक जण विचारतो. नको. खोबरेल तेल साधारण २४-२५ अंशांच्या खाली थिजतं, म्हणजे जानेवारीच्या पहाटे तुमचं पातं जागच्या जागी धरून ठेवेल. शिवाय काही महिन्यांत ते खवट आणि चिकट होतं, मग त्यालाच कचरा चिकटतो. व्हॅसलीन, ग्रीस, इंजिन ऑइल हेही नको. पेट्रोलियममुळे बरीचशी रबरं फुगतात आणि मऊ पडतात. गंज सोडवायचा स्प्रेही सीलवर मारू नका, त्याची जागा बोल्टावर आहे (प्रश्न ९).

सिलिकॉनचं ग्रीस आणा. नळदुरुस्तीच्या सामानात छोटी ट्यूब मिळते. तीही शेंगदाण्याएवढीच लागते.

७. सील घरी बदलता येतात का? नीट पायरी पायरीने सांगा.

येतात. हात चालत असेल तर दोन तासांचं काम आहे. पहिल्यांदा चार धरा.

टाकी रिकामी करून किमान तीनदा धुवा आणि रात्रभर टोपी काढून निथळू द्या. ही पायरी टाळणारे लोक परत कधी हे काम करत नाहीत. जाड रबरी हातमोजे, चष्मा, जुने कपडे. खाली ताडपत्री अंथरा. नट मातीत पडला की संपला.

व्हॉल्व्ह दोन प्लास्टिकच्या फ्लँजमध्ये (पाइपाच्या टोकाच्या रुंद कडांमध्ये) सँडविचसारखा धरलेला असतो आणि चार लांब बोल्ट सगळं आवळून ठेवतात. बोल्ट बहुधा पाव इंची असतात, त्यांना ११ नंबरचा पाना बसतो. एका बाजूने पाना, दुसऱ्या बाजूने बॉक्स. बोल्ट काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, दांडी कुठल्या दिशेला आहे ते दिसेल असा. मग पातं बंद करून चारही बोल्ट काढा आणि व्हॉल्व्ह सरळ बाहेर ओढा. ओढताना पाइप हलत नसेल तर जवळचा पाइपाचा पट्टा सैल करा. दोन फ्लँज थोडी जरी फाकली तरी पुरतं. पेचकस घालून जोरात फाकवू नका. टाकीच्या तोंडाचा जोड तुटला तर व्हॉल्व्ह राहील बाजूला आणि टाकीच उतरवावी लागेल.

आता दोन सील दिसतील, एक टाकीच्या बाजूच्या फ्लँजवर आणि एक पाइपाच्या. काढताना कुठली बाजू कुणीकडे होती ते बघून घ्या. सीलला एक खोबणीची बाजू असते, ती फ्लँजच्या कडेवर बसते. दुसरी गुळगुळीत बाजू व्हॉल्व्हकडे येते. फ्लँज कापडाने पुसा, नख फिरवून बघा. चर लागली तर सील नवा घालूनही गळेल. पात्यावरही नख फिरवा. ओरखडे हाताला लागत असतील तर नुसत्या सीलवर पैसे घालू नका, व्हॉल्व्ह सीलसकट नवा घाला.

नवे सील बसवा, गुळगुळीत बाजूला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. आणि आता ती जागा, जिथे सगळे चुकतात. व्हॉल्व्ह दोन सीलच्या मधे सरकवताना त्याची कड सीलला ढकलते आणि सील आतल्या आत दुमडतो. बाहेरून काहीच दिसत नाही. माझ्या पहिल्या दुरुस्तीत हेच झालं. बोल्ट आवळले, पाणी भरलं, आणि आधीपेक्षा दुप्पट गळती. उघडलं तर सीलची एक कड शंकरपाळ्यासारखी मुडपलेली. यावर उपाय म्हणजे रंगाऱ्याची पुट्टीची पातळ पट्टी. सील आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये ती घालायची, व्हॉल्व्ह तिच्यावरून घसरवायचा, आणि जागेवर आला की पट्टी हळूच ओढून घ्यायची. दोन्ही बाजूंना एकेक पट्टी असेल तर उत्तम. पट्टी नसेल तर जुन्या कॅलेंडरचा जाड गुळगुळीत कागदही चालतो, मी चालवला आहे.

बोल्ट घाला आणि आधी सगळे हाताने आवळा. मग पान्याने समोरासमोरचे थोडे थोडे, गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसे. फ्लँज प्लास्टिकचे आहेत, पूर्ण ताकद लावली तर कड तडकते. सील सगळीकडून सारखा दाबलेला दिसला की थांबा. सिलिकॉन सीलंट, शेलॅक, टेप काहीही फासू नका. इथे सील कोरडाच बसतो.

चाचणीला आधी फक्त २० लिटर स्वच्छ पाणी. टोपी काढलेली, खाली कोरडा पुठ्ठा. पुठ्ठ्यावर एक थेंबही स्पष्ट दिसतो. तासाभराने दांडी पाच-सहा वेळा चालवा आणि पुन्हा तासभर बघा. मग टाकी अर्धी भरून रात्रभर ठेवा. सकाळी पुठ्ठा कोरडा असेल तर झालं.

८. ट्रेलरखाली शिरताना काय काळजी घ्यायची?

नुसत्या जॅकवर उभ्या ट्रेलरखाली कधीही शिरू नका. चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके, जॅकशिवाय वेगळे स्टँड, आणि वाळूत किंवा भिजलेल्या लाल मातीत स्टँडखाली जाड फळी. फळीशिवाय स्टँड अर्ध्या तासात चार बोटं खाली जातो, बघत बघत. कातळावरची जागा मिळाली तर सोनं.

टाकीच्या तोंडात डोकावून बघायचा मोह आवरा, आतले वायू विषारी असतात. खाली मोबाइलचा टॉर्च चालेल, विडी-काडी नको. हातावर जखम असेल तर त्या दिवशी काम ठेवा. पावसात चिखलात आडवं पडून तर करूच नका, आपल्याकडे लेप्टोचा ताप आहे आणि उंदरांना ट्रेलरची सावली आवडते.

९. बोल्ट गंजून एक झालेत, फिरतच नाहीत.

खारा वारा. समुद्राजवळ दोन पावसाळे काढलेल्या ट्रेलरचे साधे बोल्ट असेच सापडतात. गंज सोडवायचा स्प्रे आदल्या संध्याकाळी मारा, सकाळी पुन्हा. तरी हलत नसेल तर झगडू नका, हॅकसॉच्या पात्याने नट आणि फ्लँज यांच्यामधून बोल्ट कापा. बोल्ट दहा-वीस रुपयांचा, फ्लँज पूर्ण टाकीच्या मोलाचा.

नवे बोल्ट स्टेनलेसचे घ्या, त्यातही ३१६ ग्रेड मिळाला तर तोच. ३०४ ला किनाऱ्यावर तांबूस डाग धरतात, ३१६ खाऱ्या हवेत जास्त टिकतो. बंदरावर बोटींचं सामान विकणाऱ्या दुकानात विचारा. हर्णैसारख्या ठिकाणी हार्डवेअरपेक्षा तिथे लवकर मिळतो. बसवताना आट्यांना ग्रीसचा हात लावा, स्टेनलेसवर स्टेनलेस सुकं आवळलं तर अडकतं.

१०. हार्डवेअरमधून ३ इंची पीव्हीसी व्हॉल्व्ह आणला, पाइपात बसतच नाही. माप तर ३ इंचच आहे!

मापाचं नाव एक, पण प्रत्यक्ष माप वेगळं. अमेरिकी ३ इंची पाइपाचा बाहेरचा व्यास ८८.९ मिलिमीटर असतो. आपल्याकडे घराच्या सांडपाण्याला जो पाइप वापरतात तो ७५ किंवा ११० मिलिमीटर, आणि शेतीचा पीव्हीसी ९० मिलिमीटर. ९० चा पाइप हाताला जवळपास तसाच लागतो आणि तिथेच फसगत होते. दीड इंचीचंही तेच. अमेरिकी ४८.३, आपला ५०.

दुकानदाराला ३ इंची एएसटीएम (अमेरिकी मानक) मापाचा यूपीव्हीसी मागा. त्याचा बाहेरचा व्यास ८८.९ च येतो. प्लंबिंगच्या पांढऱ्या पाइपांत तो असतो, पण सगळ्या दुकानांत ३ इंची साइज ठेवत नाहीत. आणि जाण्याआधी व्हर्नियरने बाहेरचा व्यास मोजून चिठ्ठीवर लिहून न्या. "३ इंची" एवढंच म्हणालात तर समोरचा ७५ चाच काढून देईल, त्यात त्याची चूक नाही.

अजून एक. ट्रेलरचा पाइप काळा असेल तर तो बहुधा एबीएस या वेगळ्या प्लास्टिकचा असतो. पीव्हीसीच्या सोल्युशनने एबीएस आणि पीव्हीसीचा भरवशाचा जोड होत नाही. दोन्हींना चालणारं खास सोल्युशन मागवा, नाहीतर बोल्टाच्या फ्लँजने किंवा रबरी कपलिंगने जोडा.

११. बाहेरून एम-सील फासून गळती बंद करू का?

पात्याच्या जागी फासलात तर व्हॉल्व्ह कायमचा बंद होईल, म्हणजे गळती बंद झाली खरी. गळती टाकीच्याच चिरेतून असेल तर टाकी कशाची आहे ते आधी बघा. कडेचा एक कपचा सुरीने काढून विहिरीच्या पाण्यात टाका. तरंगला तर टाकी पॉलिथिलीनची, बुडाला तर एबीएसची. पॉलिथिलीनला एम-सील काय, कुठलाच गोंद नीट धरत नाही, दोन दिवसांत पापुद्रा सुटतो. तिला प्लास्टिक वेल्डिंगच लागतं, आणि ते पाण्याच्या टाक्या दुरुस्त करणाऱ्यांना येतं. एबीएसची चीर मात्र सँडपेपर मारून एपॉक्सीने मुक्कामापुरती भागवता येते.

१२. आमच्याकडे दांडी थेट व्हॉल्व्हला नाही, लांबून केबलने ओढतात. पूर्ण आत ढकलली तरी गळतं.

मग व्हॉल्व्हला हात लावण्याआधी केबल बघा. केबल ओढायला चांगली, ढकलायला वाईट. आवरणात खारट ओल शिरून गंज धरला की ढकलताना ती आत वाकते. हँडल पूर्ण बंद वाटतं आणि पातं चार-पाच मिलिमीटर उघडंच राहतं. व्हॉल्व्हकडचं टोक सोडवा आणि पातं हाताने ढकलून बघा. हाताने गळती थांबली तर दोषी केबल. आवरणात सिलिकॉनचा पातळ स्प्रे सोडून मागेपुढे करा. जाड ग्रीस भरू नका. तरी अडखळत असेल तर केबल नवी घाला, किंवा जमत असेल तर सरळ दांडीचा व्हॉल्व्ह बसवा. माझं मत विचाराल तर किनाऱ्यावर केबल नकोच.

१३. दांडी ओढली आणि हातातच आली. टाकी भरलेली आहे. आता?

घाबरू नका आणि बोल्टांना हात लावू नका. दांडी पात्यात आट्यांनी बसवलेली असते, बऱ्याचदा नुसती उलटी फिरून सुटते. आत ढकलून घड्याळाच्या दिशेने फिरवून बघा. तुटली असेल आणि टोक बाहेर दिसत असेल तर लॉकिंग पक्कड लावून सरळ रेषेत ओढा.

टोकही आत गेलं असेल तर टाकी वरून रिकामी करावी लागेल. सेप्टिक टँक उपसणारी गाडी बोलवा, नगरपरिषदेची किंवा खासगी. तिची नळी संडासाच्या तोंडातून आत जाते का ते आधी फोनवर विचारा. नळी जाड असते, पातळ तोंड लावून आणायला सांगावं लागतं. टाकी साधारण दीडशे लिटरची धरली तर दीडशे किलो मैला आहे तो. व्हॉल्व्ह सोडून बादलीत धरू असं म्हणणारे शूर भेटले आहेत, त्यांच्या अंगणाची हकिगत इथे देत नाही.

१४. प्रवासाच्या मध्यावर आहोत, सील मिळत नाहीत. तात्पुरतं काय?

टोपीच्या जागी फिरवून बसवायचा जादा व्हॉल्व्ह मिळतो, तोच लावा. मागचा गळत राहील, पण पायावर येणार नाही. मात्र त्याला कायमचा इलाज समजू नका. मधल्या पाइपात मैला साठून सुकतो आणि दोन्ही टाक्यांचं पाणी एकमेकांत मिसळतं. शक्य असेल तर एक सील-संच आणि चार बोल्ट कायम गाडीत ठेवा. रत्नागिरी-चिपळूणमध्ये हे तयार मिळेल या भरवशावर निघू नका. कुरियरने मागवावे लागतात, आणि कुरियर आमच्या वाडीपर्यंत येत नाही, एसटी स्टँडजवळ जाऊन आणावं लागतं.

१५. दुरुस्तीआधी टाकी रिकामी कुठे करायची? आसपास तर नुसती बाग आहे.

हा दुरुस्तीचा प्रश्न वाटत नाही, पण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. सेप्टिक टँकचं झाकण उघडून त्यात, आणि यजमानांना विचारूनच. त्यांची टाकी लहान असेल तर दीडशे लिटर एकदम सोडले की शोषखड्डा उफाळतो, थोडं थोडं सोडा. फॉर्मल्डिहाइडवालं संडासाचं रसायन वापरलं असेल तर ते आधीच सांगा, सेप्टिक टँकमधले जिवाणू त्याने मरतात.

व्हाळात, खाडीत, पुळणीवर किंवा माडाच्या आळ्यात सोडायचं नाही. नदीनाल्यात घाण सोडायला जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ खाली बंदी आहे, आणि किनारी नियमन क्षेत्रात प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडायला मनाई आहे. कायदा बाजूला ठेवला तरी आमचा जांभा चाळणीसारखा आहे. इथे सोडलेलं तिथल्या विहिरीत उतरतं. शोषखड्डा विहिरीपासून किमान १८ मीटर लांब हवा असं भारतीय मानकात सांगितलंय, आणि जांभ्यात मला तेही कमीच वाटतं. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण टाकी ओतायची सोय प्रत्येक मुक्कामी मिळेल असं धरून चालू नका. बुकिंग करताना खोलीत एसी आहे का विचारता, तसं हेही विचारा.

१६. मुक्कामावर नळी जोडलेलीच असते. मग मैलाटाकीचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवला तर गळतीची भानगडच नको ना?

पाणी निघून जातं, घट्ट भाग तळाशी राहतो, आणि आठवडाभरात आत वारूळ तयार होतं. ते व्हॉल्व्हच्या तोंडाशीच बसतं. नंतर पातं बंद करायला जाल तेव्हा ते त्यात रुतेल आणि सीलही फाटेल. मैलाटाकी बंद ठेवायची, दोन-तृतीयांश भरली की एकदम सोडायची. आधी मैलाटाकी, मागून ग्रे टँक, म्हणजे साबणाचं पाणी पाइप धुऊन काढतं. संडासात पाण्याची काटकसर नको. आपल्या लोकांना पाणी वापरायची सवय आहे, ते एका अर्थी बरंच.

१७. आमच्या व्हॅनमध्ये टाकी नाही, कॅसेट आहे. तीही गळते.

कॅसेट म्हणजे संडासाखालची, बाहेर काढून नेऊन ओतायची छोटी टाकी. तिथे सरकतं झाकण आणि एकच रबरी ओठ असतो. कॅसेट बाहेर काढून झाकण उघडा, ओठाखालची कड ब्रशने घासा, सिलिकॉनचा हात द्या. ब्लीच आणि फिनाइल वापरत असाल तर बंद करा, रबर त्यानेच कडक होतं. ओठावर चीर असेल तर तो बोटांनी काढता-घालता येतो. कॅसेट काठोकाठ भरून घाट उतरू नका. कुंभार्लीच्या वळणांवर कुठलाच सील टिकत नाही.

१८. जून ते सप्टेंबर ट्रेलर उभाच असतो. तेव्हा काय करून ठेवायचं?

टाक्या धुऊन रिकाम्या, पातं सिलिकॉन लावून बंद, टोपी घट्ट. टोपी विसरलात तर पाल, मुंग्या आणि उंदीर पाइपाला घर समजतात. महिन्यातून एकदा, पाऊस उघडला की, दोन तांबे पाणी टाकून दांडी चार वेळा चालवा. उघड्या बोल्टांवर ग्रीस फासा. प्लास्टिकचा कागद गुंडाळून ठेवू नका, आत ओल कोंडते.

१९. व्हॉल्व्ह नवा, पुठ्ठा कोरडा, तरी आत वास येतोच.

तीन जागा बघा. संडासाच्या भांड्यात पाणी टिकतं का? टिकत नसेल तर भांड्याखालचा सील गेलाय, त्याचा टाकीच्या व्हॉल्व्हशी संबंध नाही. मोरीखालचा पाणी धरून ठेवणारा वाकडा पाइप (ट्रॅप) सुकला आहे का? महिनाभर उभ्या ट्रेलरमध्ये सुकतोच, तांब्याभर पाणी ओता. तिसरी जागा छपरावरचा वायुनळ. माझ्या ट्रेलरला मी दोनदा सील बदलले आणि वास गेला नाही. शेवटी शिडी लावून वर चढलो, नळाची टोपी काढली, तर आत कुंभारमाशीने मातीचं घर बांधून तोंड पक्कं लिंपलेलं. पेचकसाने फोडलं तेव्हा आतून कोळी पडले, बेशुद्ध, तिने पिल्लांसाठी साठवलेले. आता टोपीखाली बारीक स्टेनलेसची जाळी आहे, आणि मार्चमध्ये एकदा वर चढून बघतो.